पोटमाळ्याला खोली म्हणण्याआधी

रायपूर रेल्वे स्थानकाच्या मागच्या अंगाला, रूळ ओलांडले की गुढियारी लागते. किराणा-धान्याच्या घाऊक बाजारासाठी हा भाग शहरभर ओळखला जातो. एप्रिल २०२४ मध्ये मात्र त्याचं नाव देशभरच्या बातम्यांत आलं ते आगीमुळे. इथल्या वीज वितरण कंपनीच्या ट्रान्सफॉर्मर भांडाराने पेट घेतला. ट्रान्सफॉर्मरमधलं तेल पेटत गेलं, काळ्या धुराचे लोट दूरवरून दिसत राहिले आणि लगतच्या वस्तीतल्या लोकांना घरं सोडायला सांगावं लागलं. आग आटोक्यात आणायला तासन्‌तास लागले, नुकसान कोट्यवधींचं झालं. पण माणूस एकही दगावला नाही. आग उघड्यावर होती, दिवसाउजेडी लागली होती आणि पळायला रस्ता मोकळा होता.

आता दुसऱ्या तऱ्हेच्या आगी पाहू. एका गाळ्यापुरत्या, अग्निशमन दल पोचल्यावर फार वेळ न टिकणाऱ्या. ३० जून २०१६ ला मुंबईत अंधेरी पश्चिमेच्या जुहू गल्लीत औषधांच्या दुकानाला पहाटे आग लागली. दुकानाच्या पोटमाळ्यावर कुटुंब राहत होतं. लहान मुलांसह एकाच घरातली माणसं गेली. त्याच वर्षी ३० डिसेंबरला पुण्यात कोंढव्यात एका बेकरीत झोपलेले ६ कामगार मृत्युमुखी पडले. दार बाहेरून बंद होतं. १८ डिसेंबर २०१७ ला मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणाच्या दुकानात झोपलेले १२ कामगार गेले. ३० ऑगस्ट २०२३ ला पुण्याजवळ चिखलीच्या पूर्णानगरमध्ये हार्डवेअरच्या दुकानात राहणारं नवरा-बायको आणि दोन मुलांचं कुटुंब संपलं. ३ एप्रिल २०२४ ला छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात शिवणकामाच्या दुकानावर राहणारे ७ जण धुराने गुदमरले. ६ ऑक्टोबर २०२४ ला मुंबईत चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत खाली दुकान आणि वर घर असलेल्या इमारतीत पुन्हा ७ जण गेले.

गावं वेगळी, धंदे वेगळे, पण मांडणी तीच. माल आणि माणसं एका छपराखाली, वेळ रात्रीची किंवा पहाटेची, आणि बाहेर पडायची वाट बहुधा एकच, तीही आग लागलेल्या मालातून किंवा त्याला लागून जाणारी. गुढियारीसारख्या कोणत्याही बाजारवस्तीत हीच मांडणी दिसते: खाली शटर, आत माल, वर माळा. मुलगा मोठा झाला, गावाकडून भाचा शिकायला आला, दुकानात रात्रीचा माणूस ठेवायचा आहे, की नजर वर जाते. माळ्यावरचं सामान हलवायचं, प्लायवूड ठोकायचं, पंखा लावायचा, गादी टाकायची; खोली तयार. खर्चाच्या यादीत फरशी, रंग, पंखा, दिवा सगळं असतं. रात्री खाली आग लागली तर वरचा माणूस कुठून उतरणार, याची ओळ त्या यादीत क्वचितच असते.

आग खाली, मरण वर

जळणाऱ्या वस्तूतून निघालेली हवा तापून हलकी होते आणि थेट वर चढते. छताला अडली की आडवी पसरते आणि तिथून धुराचा थर हळूहळू खाली उतरू लागतो. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या पायांशी अजून स्वच्छ हवा असते, तेव्हा माळ्यावरचा माणूस त्या थराच्या मधोमध असतो. उघडा जिना असेल तर तो धुरांड्यासारखं काम करतो. खालची गरम हवा जिन्यातून वर खेचली जाते, म्हणजे उतरायची वाट हीच धुराची चढायची वाट ठरते. एकच जिना असला की ही दोन्ही कामं त्याच्याच वाट्याला येतात.

अशा आगीत माणसं बहुतेक वेळा भाजून मरत नाहीत, धुराने मरतात. अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला वायू तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, हातापायांतलं बळ जातं, दार कुठे आहे ते कळेनासं होतं. आणि झोपलेल्या माणसाला धुराचा वास जाग आणेल यावर भरवसा ठेवता येत नाही, कारण झोपेत नाकाची जाग फार मंद असते. कान मात्र जागे राहतात, म्हणून धुराच्या गजराचं महत्त्व. त्याकडे पुढे येऊच.

वेळही पूर्वीपेक्षा कमी मिळते. लाकूड, कापूस, ज्यूट तुलनेने सावकाश पेटतात. फोमच्या गाद्या, पॉलिएस्टरचे पडदे, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मालाची प्लास्टिकची वेष्टनं झपाट्याने पेटतात आणि दाट, विषारी धूर सोडतात. अमेरिकेतल्या यूएल या सुरक्षा-चाचणी संस्थेने जुन्या आणि नव्या धर्तीच्या खोल्या जाळून पाहिल्या. त्यावरून ती सांगते, की काही दशकांपूर्वी घरातून निसटायला साधारण १७ मिनिटं मिळत, आता ३ किंवा त्याहून कमी. अग्निशमन दल कितीही तत्पर असलं तरी बाजाराच्या गल्लीतून ३ मिनिटांत पोचणार नाही. पहिली ३ मिनिटं घराच्या बांधणीनेच द्यायची असतात.

माळ्याच्या बांधणीतही एक धोका लपलेला असतो. दोन भिंतींत लोखंडी गर्डर टाकून वर प्लायवूड किंवा पत्रा बसवलेला माळा थंड असताना भक्कम वाटतो. लोखंड जळत नाही, पण तापतं. ५५० अंश सेल्सियसच्या आसपास त्याची निम्मी ताकद जाते. पेटलेल्या दुकानात छताजवळचं तापमान तिथवर चढायला वेळ लागत नाही. खालून प्लास्टर, जिप्सम बोर्ड किंवा तत्सम न जळणारं आवरण नसलेला गर्डर वाकतो आणि माळा माणसांसकट खाली येऊ शकतो.

कागदावर माळा काय आहे

भारतीय मानक ब्युरोची राष्ट्रीय इमारत संहिता (२०१६) माळा आणि खोली यांत स्पष्ट फरक करते. माळा म्हणजे सामान ठेवायची जागा, उंची जास्तीत जास्त १.५ मीटर, म्हणजे जेमतेम पाच फूट. त्याच्यावरची पायरी मेझानीनची, म्हणजे दोन मजल्यांमधल्या अर्ध्या मजल्याची. त्याची उंची किमान २.२ मीटर हवी, राहण्यासाठी वापरायचा तर क्षेत्रफळ किमान ९.५ चौरस मीटर (सुमारे १०२ चौरस फूट) हवं आणि तो खालच्या जागेच्या एक तृतीयांशाहून मोठा नको. त्यावर स्वयंपाक करायचा नाही, त्याच्या लहान लहान कोंदट खोल्या पाडायच्या नाहीत, आणि वरच्या किंवा खालच्या जागेची हवा त्याने अडवायची नाही. नेहमीच्या राहत्या खोलीला तर २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट उंची लागते.

मोजपट्टी घेऊन वर गेलं की बरेच प्रश्न तिथेच सुटतात. ताठ उभं राहता येत नसेल, तर ती जागा झोपायची नाहीच. धुरात माणूस वाकून, रांगत जातो हे खरं, पण पाच फुटांच्या माळ्यावर धुराच्या थराला चटईपर्यंत यायला वेळ लागत नाही.

संहिता स्वतःहून बंधनकारक नसते. राज्य आणि महापालिका आपल्या नियमांतून ती लागू करतात. रायपुरात बांधकामाची परवानगी छत्तीसगढ भूमि विकास नियम, १९८४ खाली नगर निगम देतं. महाराष्ट्रात आगीच्या बाबतीत महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आहे; त्याच्या कक्षेतल्या इमारतींत बसवलेली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा वापरणाऱ्यावर आहे. सामानाच्या माळ्याची खोली करणं म्हणजे वापर बदलणं. त्यासाठी मंजूर नकाशा बदलावा लागतो आणि बांधकाम अभियंत्याचा दाखला लागतो. राहत्या खोलीच्या जमिनीने चौरस मीटरला सुमारे २०० किलो वजन पेलावं असं भारतीय मानक धरतं. ट्रंका आणि जुनी भांडी ठेवायला काढलेला पातळ स्लॅब पलंग, कपाट आणि चार माणसं पेलेल का, हे मिस्त्रीच्या अंदाजावर सोडायची गोष्ट नाही.

मात्र कायद्यात एक मोठी फट आहे, ती ओळखायला हवी. आपल्या संहितेत दोन जिन्यांची सक्ती १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारतींना, आणि शाळा, गोदाम, कारखाना, सभागृह अशा मोठ्या मजल्यांच्या इमारतींना आहे. दुकानावर एक मजला असलेल्या घराला एक जिना चालतो. म्हणजे ज्या तऱ्हेच्या जागांमध्ये वर सांगितलेले मृत्यू झाले, तिथे दुसरी वाट काढायला नियम सहसा भाग पाडत नाही. ती मालकाने स्वतःच काढायची.

इंग्लंडमधल्या माळ्याची गोष्ट

इंग्लंडमध्ये उतरत्या छपराखालचा माळा खोलीत बदलणं हा घर वाढवण्याचा नेहमीचा मार्ग आहे. या वाटेने जाणाऱ्याला आगीचे नियम पाळावे लागतात. तिथल्या बांधकाम नियमांची आगीबद्दलची मार्गदर्शिका दोन गोष्टी मागते.

पहिली, जमिनीपासून ४.५ मीटरपर्यंतच्या मजल्यावरच्या खोलीला निसटायची खिडकी. तिचं उघडं क्षेत्रफळ किमान ०.३३ चौरस मीटर, उंची आणि रुंदी प्रत्येकी किमान ४५० मिलिमीटर, आणि उघडणाऱ्या भागाची खालची कड खोलीच्या जमिनीपासून ११०० मिलिमीटरपेक्षा उंच नको. ४५० बाय ४५० केलं की क्षेत्रफळ ०.२ च भरतं, म्हणून एक बाजू जास्त घ्यावी लागते. ४५० रुंदीला सुमारे ७४० उंची. साधारण दीड फूट रुंद आणि अडीच फूट उंच अशी ही मोकळी चौकट. मोठा माणूस तिच्यातून पाय आधी काढून बाहेर पडू शकतो.

दुसरी, ४.५ मीटरच्या वर गेलात की खिडकी पुरेशी धरली जात नाही. दुमजली घराचा माळा या उंचीवरच असतो. मग जिनाच वाचवावा लागतो. माळ्यापासून थेट बाहेरच्या दारापर्यंतचा जिना अर्धा तास आगीला दाद न देणाऱ्या भिंतींनी बंद करायचा, त्यात उघडणारी खोल्यांची दारंही आग रोखणारी लावायची, माळ्याची जमीन तितकाच वेळ टिकेल अशी करायची, आणि प्रत्येक मजल्यावर धुराचे गजर लावून ते एकमेकांना जोडायचे. तळमजल्यावरचा वाजला की माळ्यावरचाही वाजतो.

हे नियम इथे लागू नाहीत, पण त्यातला विचार जसाच्या तसा उचलण्याजोगा आहे. उंची कमी असेल तर दुसरी वाट खिडकीतून, उंची जास्त असेल तर पहिली वाट आगीपासून वेगळी.

गुढियारीतल्या गाळ्यात हे कसं करायचं

दुकानाच्या पोटमाळ्याची जमीन बहुधा अडीच-तीन मीटरवर असते. म्हणजे खिडकीचा मार्ग शक्य आहे. ती खिडकी कुठे काढायची हा पहिला निर्णय. शटरच्या बरोबर वर काढली तर आगीच्या ज्वाळा तिथूनच बाहेर येतील. दर्शनी भागाला दुकानाचा फलकही असतो. कित्येक माळ्यांच्या खिडक्या फ्लेक्सच्या पाट्यांमागे कायमच्या गाडल्या गेल्या आहेत. म्हणून खिडकी मागच्या किंवा बाजूच्या भिंतीत हवी आणि तिच्या खाली मोकळी जमीन किंवा शेजारची गच्ची हवी. चारी बाजूंनी बंद असलेल्या अरुंद बोळात उतरणं म्हणजे एका सापळ्यातून दुसऱ्यात जाणं. खिडकीपासून हाताच्या अंतरावर विजेच्या तारा नाहीत, आणि एसीचा बाहेरचा डबा तिच्या आड येत नाही, हेही पाहायचं.

खिडकीच्या कडेला लोंबकळून सोडलं की उडी माणसाच्या उंचीइतकी कमी होते. तरण्या माणसाला ते जमेल. आजीला, गरोदर बाईला, तान्ह्या मुलाला नाही. त्यामुळे खिडकीखाली भिंतीत पक्की बसवलेली लोखंडी शिडी लावावी. घडीची शिडी माळ्यावर ठेवली तर धुरात ती शोधून, उलगडून अडकवावी लागते. जागा असेल तर बाहेरून छोटा जिनाच काढावा. संहितेतला बाहेरचा अग्निजिना १.२५ मीटर रुंद असतो, त्याची पायरी २५ सेंटिमीटर खोल आणि चढण जास्तीत जास्त १९ सेंटिमीटर. गाळ्याला इतकी रुंदी मिळणार नाही, पण पायरीचं माप पाळता येतं. गोल जिना जागा वाचवतो, मात्र त्याचा व्यास दीड मीटरहून कमी झाला की घाबरलेल्या चार माणसांना तो उतरवत नाही.

आपल्याकडे खिडकी असूनही माणसं अडकतात त्याचं मोठं कारण म्हणजे ग्रिल. चोराच्या भीतीने भिंतीत चारी बाजूंनी गाडलेली जाळी आतल्या माणसालाही कैद करते. उपाय वेल्डरकडे तासा-दोन तासांत होतो. ग्रिलचा एक भाग कापून त्याला बिजागऱ्या लावायच्या, तो बाहेरच्या बाजूला उघडेल असा करायचा आणि आतून कडी लावायची. कुलूप नको. कुलूप लावलं की किल्ली लागते, आणि अंधारात, धुरात, खोकत किल्ली सापडत नाही. चोराचा हात बाहेरून कडीपर्यंत पोचू नये म्हणून कडीभोवती पत्र्याची पट्टी मारता येते. दर महिन्याला ती कडी उघडून तेल घालायचं, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात ती गंजून बसते.

पहिली वाट, म्हणजे रोजचा जिना, दुकानातून जात असेल तर तो दुकानापासून वेगळा करायचा प्रयत्न करावा. जिन्याला विटांची भिंत घालून रस्त्यावर उघडणारं स्वतंत्र दार दिलं, की खालचा माल पेटला तरी उतरायला काही मिनिटं मिळतात. प्लायवूडचं पार्टिशन या कामाचं नाही, ते स्वतःच जळण होतं. जिन्यातून दुकानात उघडणारं दार भरीव लाकडाचं असावं आणि रात्री ते लावलेलं असावं. बंद दार धूर किती वेळ अडवतं हे अग्निशमन दलातला कोणीही जवान सांगेल. आणि जिन्याखालची जागा रिकामी ठेवायची. तिथे गॅस सिलिंडर, थिनरचे डबे, बारदानाचा ढीग किंवा चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक दुचाकी ठेवली, तर एकमेव वाटेच्या पायथ्याशीच आग पेरल्यासारखं होतं. छावणीच्या घटनेत दुकानात चार्जिंगला लावलेल्या दुचाकीवर संशय घेतला गेला होता.

शटरचाही विचार करायचा. विजेवर चालणारं शटर वीज गेली की हलत नाही, आणि आग लागली की वीज बहुधा जातेच. त्याला हाताने उघडायची सोय हवी आणि ती आतून चालायला हवी. झोपलेल्या कामगारांवर बाहेरून कुलूप लावायची प्रथा तर सरळ बंद व्हायला हवी. कोंढव्यानंतर ९ मे २०१९ ला पुण्याजवळ उरुळी देवाचीला साड्यांच्या दुकानात ५ कामगार गेले, तिथेही दाराला बाहेरून कुलूप होतं. माल सांभाळायला ठेवलेल्या माणसाला मालाबरोबर कोंडून ठेवायचं, याला राखण म्हणता येणार नाही.

वाट कितीही चांगली असली तरी जाग आली नाही तर ती फुकट. धुराचा बॅटरीवर चालणारा गजर आता आपल्या बाजारातही सहज मिळतो. एक खाली दुकानाच्या छताला आणि एक वर माळ्याच्या छताला लावावा. एकमेकांना बिनतारी जोडले जाणारे असतील तर उत्तम. नसतील तर खालच्याचा आवाज बंद दारातून वर ऐकू येतो का, ते रात्री पंखा चालू ठेवून तपासावं. महिन्यातून एकदा चाचणीचं बटण दाबायचं. भिंतीवर अग्निशामक ठेवायचाच असेल तर तो वाटेच्या तोंडाशी ठेवावा, म्हणजे तो घ्यायला माणसाला आगीकडे जावं लागणार नाही.

माळ्यावर वीज नेताना जुन्याच वायरमधून जोड काढायची सवय असते. पंखा, मोबाइलचे चार्जर, कूलर आणि उन्हाळ्यात एसी, हा सगळा भार दुकानाच्या जुन्या तारेवर पडतो. माळ्याला स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट ओळखतो, आरसीसीबी गळणारा प्रवाह ओळखतो. एकाचं काम दुसरा करत नाही. रायपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली तापलेल्या माळ्यावर तारांचं प्लास्टिकही लवकर कडक होऊन तडकतं, म्हणून तार न जळणाऱ्या पाइपातून न्यावी.

हप्ते कोणत्या क्रमाने

हे सगळं वाचून खर्चाचा आकडा डोळ्यांसमोर येईल. पण यात महाग अशा दोनच गोष्टी आहेत: जिन्याची भिंत आणि अभियंत्याचा दाखला. ग्रिलचं दार, पक्की शिडी, दोन गजर आणि आरसीसीबी मिळूनही बहुतेक घरांत फरशी आणि फॉल्स सीलिंगच्या खर्चापेक्षा कमी भरतात. पैशापेक्षा क्रम चुकतो. आपण आधी खोली सजवतो आणि सुरक्षेचं काम नंतर करू म्हणतो, आणि माणूस एकदा वर झोपायला लागला की ते काम होत नाही.

म्हणून ठेकेदाराशी ठरवताना हप्त्यांचा क्रम उलटा लावावा. पहिला हप्ता अभियंत्याच्या तपासणीचा आणि नकाशाच्या मंजुरीचा. दुसरा खिडकी, ग्रिलचं दार आणि शिडीचा. तिसरा जिन्याची भिंत, दार आणि गर्डरच्या आवरणाचा. चौथा वीज आणि गजरांचा. रंग, फरशी, पडदे शेवटी. दुसऱ्या हप्त्याचं काम झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी, मुलांनी आणि म्हाताऱ्यांनीसुद्धा, दिवे बंद करून एकदा त्या खिडकीतून उतरून दाखवावं. ज्याला उतरता आलं नाही त्याने वर झोपायचं नाही. आणि खिडकी काढायला भिंतच नसेल, तिच्याखाली उतरायला जमीन नसेल किंवा जिना दुकानापासून वेगळा करताच येत नसेल, तर पुढचे हप्ते देऊच नयेत. तो माळा ट्रंका, पाहुण्यांच्या गाद्या आणि दिवाळीचे आकाशकंदील ठेवायला चांगला आहे, आणि त्या कामासाठी त्याला पाच फूट उंची पुरते.